वेगाचा मोह आणि हप्त्याचे गणित

दसरा आणि धनत्रयोदशी जवळ आली की आमच्या कतारगामात एक विषय घरोघर निघतो. मुलगा हिऱ्याच्या कारखान्यात, भरतकामाच्या यंत्रांवर किंवा एखाद्या पेढीवर चार-पाच वर्षे काम करून स्थिरावलेला असतो. मोटारसायकल जुनी झालेली असते आणि आता त्याला चारचाकी हवी असते. तीही साधी नको. पाय दाबताच उसळी घेणारी, वळणावर रस्ता न सोडणारी आणि दिसायला रुबाबदार अशी हवी. वडिलांच्या मनात मात्र गॅसवर चालणारी, खर्चात हलकी अशी गाडी ठाण मांडून बसलेली असते. दोघांचे पटले नाही की त्यांच्यापैकी एकजण आमच्याकडे येतो. मराठीच्या शिक्षकाकडे मोटारीचा निवाडा मागावा हे चमत्कारिक खरे. पण या प्रश्नात यंत्र थोडे आणि माणूस फार असतो, म्हणून आम्ही त्यात पडतो.

प्रथमच सांगून टाकतो की मुलाच्या इच्छेत आम्हांस काही वावगे दिसत नाही. चोविसाव्या वर्षी माणसाला वेगाची ओढ वाटू नये तर कधी वाटावी? दिवसाचे दहा तास घंटीवर मान खाली घालून बसणाऱ्या रत्नकलाकाराला रविवारी डुमसच्या रस्त्यावर स्टिअरिंग हाती धरल्याचा आनंद मिळत असेल, तर तो त्याने कष्टाने मिळवलेला आनंद आहे. प्रश्न आहे तो एवढाच, की हा आनंद कोणत्या गाडीत आहे आणि त्याची किंमत कोण, किती दिवस भरणार आहे.

आपल्याकडे अशा गाड्या मोजक्याच का, हे आधी पाहू. हॅचबॅक म्हणजे स्वतंत्र डिकी नसलेली, मागचे दार वर उघडणारी आखूड गाडी. २००१ मध्ये आलेल्या फियाट पॅलिओला १.६ लिटरचे दणकट इंजिन मिळत असे. सचिन तेंडुलकरच्या जाहिरातींमुळे ती घराघरांत ठाऊक झाली होती. परंतु २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा आखूड आणि १२०० घन सें.मी.पर्यंत पेट्रोल इंजिन असलेल्या गाड्यांचा उत्पादनशुल्क चोवीस टक्क्यांवरून सोळा टक्क्यांवर आणला. तेव्हापासून कारखानदारांनी गाडी चार मीटरांत आणि इंजिन बाराशेच्या आत बसवण्याचा चंग बांधला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कर याच वर्गातील गाड्यांवर अठ्ठावीसवरून अठरा टक्के झाला, म्हणजे ती रेषा अधिकच पक्की झाली.

लहान इंजिनातून मोठी ताकद काढण्याचा उपाय म्हणजे टर्बो. इंजिनातून बाहेर पडणारा धूर वाया न घालवता त्याच्या जोरावर एक छोटी चक्री फिरवायची, त्या चक्रीला जोडलेल्या दुसऱ्या चक्रीने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची, आणि जादा हवेबरोबर जादा पेट्रोल जाळायचे. भाता मारला की भट्टी भडकते, तसाच हा प्रकार. मात्र चक्री वेग घेईपर्यंत क्षणभर गाडी सुस्त राहते आणि मग एकदम झेपावते. हा विलंब ज्याला कळला नाही त्याने टर्बो गाडीची पारख केली असे म्हणता येणार नाही.

या मार्गाने गेल्या बारा-पंधरा वर्षांत काही नामांकित गाड्या आल्या. पुण्याजवळच्या चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन पोलोची टर्बो आवृत्ती २०१३ मध्ये १०५ अश्वशक्तीची आली. रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो निघाली. २०१७ मध्ये मारुतीने १०२ अश्वशक्तीची बलेनो आरएस आणली. ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन-लाइन २०२१ मध्ये, तर टाटांची अल्ट्रोझ रेसर २०२४ मध्ये आली. दोन्ही १२० अश्वशक्तीच्या. वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यांपैकी पहिल्या तीनही आज नव्या मिळत नाहीत. आपल्या देशात चपळ हॅचबॅकचे आयुष्य अल्प असते. चाहते पुष्कळ आणि गिऱ्हाईक थोडे अशी तिची स्थिती आहे.

या आकड्यांनी मुले भारावून जातात. परंतु अश्वशक्तीचा आकडा एकटा पाहू नये. ती शक्ती किती वजन ओढणार हे पाहावे. २०२४ मध्ये आलेली नवी स्विफ्ट घ्या. ही आपल्याच गुजरातेत हंसलपूरला तयार होते. तिचे इंजिन ८२ अश्वशक्तीचे, टर्बो नसलेले. वजन मात्र सुमारे ९२० किलो. म्हणजे एका अश्वशक्तीच्या वाट्याला सव्वाअकरा किलो आले. आता १२० अश्वशक्तीची गाडी समजा अकराशे किलोची असली, तर तिथे सव्वानऊ किलो येतात. अश्वशक्तीत जवळजवळ दीडपटीचा फरक वाटतो, तो प्रत्यक्षात दोन किलोंवर येतो. शिवाय हलकी गाडी वळते चटकन, थांबते चटकन आणि टायर कमी खाते. ज्या गुणाला तरुण मंडळी चपळपणा म्हणतात त्याचे निम्मे रहस्य हलकेपणात आहे.

पण याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. आमच्यापैकी पुष्कळांची गावे खानदेशात. आखाजीला किंवा दिवाळीच्या सुट्टीत चार मोठी माणसे आणि सामान भरून बारडोली, सोनगड, नवापूर करीत धुळ्याकडे निघाले की गाडीत तीनशे किलो सहज वाढतात. तीच स्विफ्ट आता एका अश्वशक्तीला पंधरा किलो ओढते आहे. कोंडाईबारीच्या घाटात पुढे मालट्रकांची रांग असताना टर्बो गाडीचा जोर खरोखर उपयोगी पडतो, हे मान्य केले पाहिजे. तेव्हा गाडीची चाचणी घेताना एकट्याने मोकळ्या रस्त्यावर घेऊ नये. घरची तीन माणसे बसवून, वातानुकूलन सुरू ठेवून अमरोलीच्या पुलावर चढवून पाहावी. विक्रेता कुरकुर करील, करू द्यावी.

उरलेले तीनशे चाळीस दिवस गाडी कुठे चालणार? कारखाने सुटण्याच्या वेळी कतारगाम दरवाजा ते गोतालावाडी एवढे अंतर काटताना दुसऱ्या गियरच्या वर जाण्याचा प्रसंग विरळाच. तिथे १२० अश्वशक्ती आणि ८२ अश्वशक्ती दोघीही रिक्षाच्या मागे उभ्या असतात. उलट रुबाबासाठी बसवलेली मोठी चाके आणि पातळ टायर पावसाळ्यातल्या खड्ड्यांत आधी फुटतात. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, क्लच हलका आहे का, गियर हाताला नेमका पडतो का, ब्रेक अपेक्षेप्रमाणे लागतो का, हे रोजचे आनंद आधी तपासा.

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर आमच्या विज्ञानशिक्षक स्नेह्यांचा धडा इथे सांगतो. ताशी ऐंशी किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते, आणि समोरचे पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज निघून जातो. पुढे, वेग साठावरून ऐंशी केला तर ब्रेक लागल्यापासून थांबण्यापर्यंतचे अंतर पावणेदोन पट होते. शंभर केला तर पावणेतीन पट. वेग वाढतो बेरजेने आणि धोका वाढतो वर्गाने. जुलै २०२३ मध्ये अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर एका तरुणाच्या भरधाव मोटारीने नऊ माणसे मारली, तेव्हा हेच गणित रस्त्यावर मांडले गेले होते. म्हणून गाडीचा वेग पाहताना तिचे कवच किती भक्कम हेही विचारावे. टाटा अल्ट्रोझला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाच तारे मिळाले. २०२४ पूर्वीच्या पिढीतल्या स्विफ्टला त्याच संस्थेने २०२२ मध्ये एकच तारा दिला. २०२४ च्या स्विफ्टमध्ये सहा एअरबॅग सर्वच प्रकारांत आल्या. जुनी गाडी घेणाऱ्याने हा फरक विसरू नये.

आता पैशाकडे येऊ. कारण खरा घाट इथेच आहे. आठ लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी काढले, तर पाच वर्षांसाठी महिना सुमारे १६,६०० रुपये हप्ता पडतो. सात वर्षे केली की तोच हप्ता १२,८७० वर उतरतो आणि मुलाला हायसे वाटते. परंतु पाच वर्षांत व्याज जाते १ लाख ९६ हजार. सात वर्षांत २ लाख ८१ हजार. हायसे वाटण्याची किंमत पंच्याऐंशी हजार रुपये झाली. आणि सातव्या वर्षी, गाडीची हौस फिटून गेल्यावर, घरात लग्नकार्य किंवा पाळणा आल्यावरही तो हप्ता चालूच असतो.

सुरतेत हा धोका इतर शहरांपेक्षा अधिक आहे, कारण इथला पगार हिऱ्याच्या बाजाराबरोबर चढतो-उतरतो. २०१४ च्या दिवाळीत इथल्या एका हिरे कंपनीने आपल्या कामगारांना ४९१ मोटारी बक्षीस दिल्याची बातमी देशभर गाजली होती. त्या मोटारी फियाट पुंटो होत्या. त्या वर्षी प्रत्येक तरुणाला वाटले असेल की चारचाकी आता आपल्या वाट्याला आलीच. पुढे दोन गोष्टी घडल्या. २०१९ मध्ये फियाटने भारतात मोटारी विकणे बंद केले. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये, मागणी मंदावल्यामुळे, सुरतेतल्याच एका मोठ्या कंपनीने सुमारे पन्नास हजार कामगारांना दहा दिवसांची सुट्टी जाहीर केली. वर्षभराने अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के आयातकर बसवला, तेव्हा पुन्हा घराघरांत काळजी शिरली. बाजार उठतो, बसतो, पुन्हा उठतो. बँकेची तारीख मात्र दर महिन्याला ठरल्या दिवशीच येते.

मागे एका माजी विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, मग काम उत्तम चालू असेल तेव्हाच गाडी घ्यायची ना?" आम्ही म्हटले, "घे तेव्हाच. पण हिशेब मंदीचा धर." आमचा नियम सोपा आहे. गाडी सोडवण्यापूर्वी सहा हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी. वरच्या उदाहरणात ती एक लाख होते. एवढी रक्कम बाजूला पडत नसेल, तर गाडी अजून आपल्या आवाक्यात आली नाही असे समजावे आणि खालच्या किमतीची पाहावी.

जुनी गाडी घेणे हा दुसरा मार्ग. पोलो २०२२ मध्ये बंद झाली तरी तिची आवड ओसरलेली नाही. अशी गाडी घेताना टर्बोची दुरुस्ती कोण करतो, सुटे भाग किती दिवसांत येतात आणि दुहेरी क्लचची स्वयंचलित गियरपेटी असल्यास तिच्या दुरुस्तीला किती खर्च येतो, हे भाव ठरवण्याआधी गॅरेजमध्ये जाऊन विचारावे. आरसी बुकावर बँकेचा बोजा नोंदलेला असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि शौकीन मालकाने सायलेन्सर किंवा इंजिन बदललेली गाडी कितीही मोहक असली तरी टाळावी. कारखान्याच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी प्रथम अशीच कारणे शोधते.

एवढे सगळे ऐकून मुले विचारतात, मग नेमकी कोणती घेऊ? बहुतेकांसाठी आमचे उत्तर असे: हलकी, हाताने गियर टाकण्याची, टर्बो नसलेली चांगली हॅचबॅक, मधल्या प्रकारातली, आणि टर्बोसाठी जे दोन-तीन लाख अधिक गेले असते त्यातून आधी कर्ज कमी करावे, मग उत्तम टायर आणि पूर्ण विमा घ्यावा. ज्याचे महिन्यातून तीन-चारदा घाटरस्त्याने जाणे आहे आणि ज्याची सहा हप्त्यांची ठेव तयार आहे, त्याने खुशाल टर्बो घ्यावी. तो शौक त्याला झेपणारा आहे. आणि वडीलमंडळींस आमची विनंती आहे की मुलाने हिशेब चोख मांडला, तर गाडीचा रंग आणि तिची उसळी यांवर आपण अडून बसू नये. गॅसची टाकी डिकीत बसवून, सामानाची जागा आणि इंजिनाचा जोर दोन्ही गमावून, मुलाच्या गळ्यात न आवडती गाडी बांधली तर तो ती चालवील, पण तिच्यात रमणार नाही.

असो. सापुताऱ्याच्या वळणांवरून वणीच्या देवीला जाताना आपल्या कमाईच्या गाडीत आईवडिलांना बसवून नेण्यासारखे सुख थोडे असते. ते सुख घेताना पुढच्या महिन्याच्या पाच तारखेची धास्ती मनात नसली, म्हणजे गाडी बरोबर निवडली गेली असे समजावे.