दहावा कामगार

लहान उद्योगांत रोजगार वाढत नाही याचे खापर कामगार-कायद्यांवर फोडण्याची रीत आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की, तो सिद्धान्त तपासून पाहण्याची तसदीही कोणी घेत नाही. पूर्वपक्ष असा: 1948 च्या कारखाना अधिनियमानुसार विजेवर चालणाऱ्या जागेत दहा आणि विजेविना चालणाऱ्या जागेत वीस कामगार भरले की कारखान्याचे सारे दायित्व मालकाच्या शिरावर येई, म्हणून तो नऊवरच थांबे आणि दहाव्याची भाकरी कायदा हिरावून घेई.

इचलकरंजीतल्या एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये उभे राहिले म्हणजे या युक्तिवादातले व्यंग ध्यानात येते. छप्पर एक, मागांची दुरुस्ती पाहणारा जॉबर एक, सूत देणारा व्यापारीही एकच. परंतु मध्ये छातीइतकी भिंत, अलीकडचे माग मालकाच्या नावे, पलीकडचे त्याच्या पत्नीच्या नावे, विजेचे मीटर दोन आणि हजेरीपटही दोन. दहावा कामगार तेथे आहे, बारावाही आहे. कायद्याने त्याचे काम हिरावले नाही, मालकाने त्याला दप्तरातून काढले. आणि मागातून उसळलेला धोटा डोळ्यावर बसला, तर आपण नक्की कोणाचे नोकर होतो हेही त्या बापड्याला सिद्ध करता येत नाही.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे मात्र मी मोकळ्या मनाने मान्य करतो. नऊवरून दहावर जाताना परवाना, नोंदवह्या, विवरणपत्रे यांचा भार एकदम अंगावर येई, आणि मुनीम ठेवण्याची ऐपत नसलेला, स्वतःच रात्रपाळीला मागावर उभा राहणारा मागवाला त्या पायरीशी अडखळे. त्यावर 2020 च्या कामगार-संहितेने पायरीच वर सरकवली. दहाचे वीस, विसाचे चाळीस केले. याने भिंतीची जागा बदलेल, भिंत पडणार नाही.

सुरक्षिततेचे कर्तव्य माणसांच्या मोजदादीवर नव्हे, तर यंत्राच्या धोक्यावर ठरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कागदपत्रांची सूट लहान मालकाला खुशाल द्यावी. धोटा अडवणाऱ्या जाळीची देऊ नये. हे अव्यवहार्य नाही, कारण कामगार कितीही थोडे असले तरी अधिसूचनेने एखाद्या जागेला कायदा लागू करण्याचा अधिकार त्याच जुन्या अधिनियमाच्या कलम 85 ने राज्य सरकारला दिला होता, आणि किमान वेतनाच्या कायद्याने तर आस्थापनेतली डोकी मोजलीच नव्हती. जाळीचा खर्च पेलवत नसेल तर सरकारने त्यातला अर्धा उचलावा. हजेरीपट मात्र एकच असावा, आणि भिंतीपलीकडच्या कामगाराचे नाव त्यात पहिल्या दिवसापासून चढावे.