विकणारा फोन उचलतोय, तोवर

गेल्या काही महिन्यांत तुम्ही जुनी गाडी घेतली असेल, तर हातातलं काम पाच मिनिटं बाजूला ठेवा. आरसी काढा. डॅशबोर्डच्या कप्प्यात असेल, कपाटात असेल, नाहीतर मोबाइलमध्ये फोटो असेल. जे असेल ते समोर घ्या. त्यावर नाव कुणाचं आहे?

तुमचं नसेल, तर काम अर्धंच झालंय. पैसे दिलेत, किल्ली मिळाली, चाकाखाली लिंबं ठेवलीत, झेंडूचा हार घातलात, सोसायटीत पेढे वाटलेत. सगळं खरं. पण आरटीओच्या दप्तरात त्या गाडीचा मालक अजून दुसराच माणूस आहे. आणि नाव तुमचंच असेल, तरी आरसी लगेच आत ठेवू नका. एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. मी वाचलं नव्हतं.

आमची गाडी आम्ही साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांकडून घेतली. माणूस इतका सरळ की स्टेपनीचं चाक एकदा पंक्चर झालेलं होतं, हेही त्यांनी सांगितलं. गाडी नावावर झाली, कार्ड घरी आलं, मी ते पाकिटात सरकवलं. चार वर्षांनी एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावायची वेळ आली. बुकिंग करताना चेसिस नंबर टाकला, तो जुळेना. पत्र्यावर ५ कोरलेला होता, नोंदीत इंग्रजी एस पडला होता. दुरुस्तीसाठी शोरूमचं मूळ बिल शोधायला निघालो. सरांचा फोन बंद. शेवटी पत्ता काढत घरी गेलो, तेव्हा कळलं की सर वर्षापूर्वीच गेले. काकूंनी पत्र्याची पेटी उघडली. मुलांच्या गुणपत्रिका, विम्याची कागदपत्रं, त्याखाली ते बिल. सरांच्या अक्षरात वर लिहिलेलं होतं, 'गाडी'. काकू तो कागद हातात धरून बराच वेळ बसल्या. एका अक्षरापायी मी त्यांना ती पेटी उघडायला लावली होती. सर समोर बसून चहा पीत होते, तेव्हा हेच काम पाच मिनिटांचं होतं.

म्हणून सांगतो, घाई करा. राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं ५०वं कलम सांगतं. पण खरी मुदत त्याहून वेगळी असते. विकणारा फोन उचलतोय, तोवर. पहिल्या आठवड्यात तो पहिल्या रिंगला उचलतो. महिन्याभरानं 'मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू' येतं. मग त्याची बदली होते, नंबर बदलतो, घर बदलतं. त्याची सही, त्याचं आधार, त्याच्याकडचं जुनं बिल, त्याच्या बँकेचा कागद हे सगळं तुम्हाला लागणार आहे. तो माणूस आज हाताशी आहे. आजच गाठा.

हे नुसतं कागदांचं कौतुक नाही. घरच्यांचा विचार करा. गाडीच्या मालकासाठी विम्यात १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं. ते घरच्यांच्या हाती पडायचं तर आरसीवरचा मालक आणि पॉलिसीवरचं नाव, दोन्ही एकाच माणसाचं लागतं. चालवणारे तुम्ही, हप्ता भरणारे तुम्ही, आणि दोन्ही कागदांवर नाव आधीच्या मालकाचं. अशात काही बरंवाईट झालं, तर तुमच्या बायकोनं कुणाच्या दारात जायचं? लिहितानाही हात अडखळतो. पण अपघात मुदत बघून होत नाही.

अनेकांना वाटतं, विमा चालू आहे, मग भीती कसली. अर्धं बरोबर आहे. गाडी विकली की रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला भरपाई देणारा विम्याचा भाग कायद्यानंच नव्या मालकाकडे येतो. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र आपोआप येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे १९९५ सालीच स्पष्ट केलंय. तेव्हा १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवा. पॉलिसी नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा असतो, गाडीचा नसतो. तेवढा फरक भरावा लागेल. भरा. दीड-दोन हजार वाचवायला जाऊन दावा अडकवून घेऊ नका.

आता गाडी विकलेल्यांनो, तुम्हीही ऐका. पैसे मिळाले, स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं, आपण सुटलो असं समजू नका. दिल्लीत ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्याचा निकाल दिला. विजयकुमार यांनी गाडी २००७ मध्ये विकली होती. पुढे ती या हातातून त्या हातात गेली. नोंदणी कुणीच बदलली नाही. २००९ मध्ये त्या गाडीनं अपघात केला, त्यात एक जीव गेला. न्यायालय म्हणालं, ज्याच्या नावावर नोंदणी, तोच मालक. भरपाईची जबाबदारी विजयकुमार यांच्यावर आली. गाडी विकून दोन वर्षं झाली होती.

तुमच्यावर ती पाळी येऊ देऊ नका. कोऱ्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून किल्ली सोडू नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख डोळ्यांदेखत भरून घ्या. मधला माणूस म्हणेल, 'साहेब, नाव नंतर टाकतो.' नंतर म्हणजे त्याला गिऱ्हाईक मिळेल तेव्हा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओकडून अधिकृत व्हावं लागतं आणि गाडी ताब्यात घेतल्याची सूचना ऑनलाइन द्यावी लागते. विचारा त्याला, तुम्ही अधिकृत आहात का? संकोच करू नका. घर भाड्यानं देताना आपण हजार प्रश्न विचारतो.

आणि घेणाऱ्यांनो, हे लक्षात असू द्या की तुम्हाला गाडी देणाऱ्यानं तुमच्यावर विश्वास टाकलाय. तुम्ही सिग्नल तोडलात की चलनाचा मेसेज त्याला जातो. गाडीमुळे काही बरंवाईट घडलं की पोलीस आधी त्याच्या दारात उभे राहतात. शेजारीपाजारी बघतात. तुम्ही कुणाला मुद्दाम असं तोंडघशी पाडणार नाही, हे मला माहीत आहे. मग नकळतही पाडू नका.

तर वाचा ती आरसी. आधी नाव. आधारवर जे स्पेलिंग आहे, तेच आहे का? कुलकर्णीचं कुळकर्णी झालेलं कानाला चालतं, संगणकाला चालत नाही. मग बॉनेट उघडा. चेसिस नंबर बहुतेक गाड्यांत तिथे किंवा पुढच्या सीटखालच्या पत्र्यावर कोरलेला असतो. हल्लीच्या गाड्यांना १७ अक्षरं-आकडे असतात, आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. तुमच्या आरसीवर चेसिस नंबरात ओ दिसला, तर ती चूक आहे. ताडून बघायची गरजच नाही. इंजिन नंबरही बघा. सीएनजी किट बसवलेलं असेल आणि आरसीवर नुसतं पेट्रोल असेल, तर तेही दुरुस्त करा, विम्यातही चढवा. कर्जाचा बोजा उतरलाय का? कर्ज फिटलं म्हणजे बोजा उतरला असं नाही. बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म आरटीओकडे गेल्याशिवाय तो बोजा आरसीवर बसूनच राहतो. आणि मोबाइल नंबर. तो जुन्या मालकाचाच राहिला, तर पुढच्या प्रत्येक कामाचा ओटीपी त्याच्याकडे जाणार, आणि तो बिचारा समजणार, कुणीतरी आपल्याला फसवतंय.

चूक सापडली तर घाबरू नका. ती बहुतेकदा टाइप करणाऱ्याच्या बोटाची असते, तुमची नसते. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा उमटेल. तो ठसा, मूळ बिल, शोरूमनं दिलेला विक्रीचा दाखला म्हणजे २१ नंबरचा फॉर्म हे सगळं घेऊन साधा अर्ज लिहा आणि आरटीओत द्या. गाडी दाखवायला सांगितलं, तर न्या. पोचपावती घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. एजंट करायचा तर करा, अनेक एजंट काम चोख करतात. पण अर्ज स्वतः वाचल्याशिवाय सही करू नका. आणि एक हात जोडून सांगणं आहे. पत्र्यावरचा आकडा खिळ्यानं, ग्राइंडरनं 'नीट' करायला जाऊ नका. चूक कागदावर आहे, ती कागदावरच सुधारायची. पत्र्याला हात लावलात, तर साधी चूक निस्तरता निस्तरता चोरीच्या गाडीचा संशय अंगावर घ्याल.

कुणाच्या घरी गाडीचा मालकच गेला असेल, तर दुःखात हे सुचत नाही, मला कळतं. पण वारसाला ती गाडी नावावर करायला तीन महिन्यांची मुदत आहे, फॉर्म ३१. घरातल्या तरुण मुलानं किंवा भाच्या-पुतण्यानं हे काम अंगावर घ्यावं. वहिनींना, काकूंना खिडक्यांपुढे उभं करू नये. आणि दुसऱ्या राज्यातली, समजा गोव्याची, गाडी महाराष्ट्रात आणली असेल आणि बारा महिन्यांहून जास्त इथेच ठेवायची असेल, तर तिला इथला नंबर घ्यावा लागतो. तेही लांबवू नका. जुन्या मालकाचा फास्टॅग काढून स्वतःचा लावा.

बरं, आता आरसी तुमच्या हातात आहे. चूक दिसली असेल, किंवा नाव अजून दुसऱ्याचंच असेल. मोबाइल उघडा. त्या माणसाचा नंबर अजून असेल त्यात, 'गाडीवाले काका' म्हणून सेव्ह केलेला. रात्रीचे नऊ वाजायच्या आत लावा. आज उचलतील.