फोटोच्या यादीत आई कुठे आहे?

गेल्या वैशाखात माझ्या मावसबहिणीचं लग्न झालं. त्या लग्नातल्या फोटोंची यादी मी केली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जी तक्रार मांडणार आहे तिच्यातली पहिली आरोपी मीच आहे.

फोटोग्राफरनं आठ दिवस आधी यादी मागितली होती. ग्रुप फोटो कोणकोणते, कोणत्या क्रमानं. "ही समाजकार्य शिकलीय, शिबिरं घेते, हिला नियोजन जमतं," म्हणून वही माझ्या हातात आली. नवरीचे थोरले काका सांगत गेले, मी लिहीत गेले. मुलाचे आईवडील, मुलाचे आजी-आजोबा, मुलाचे मामा, मुलाच्या वडिलांचे ऑफिसातले लोक. मुलाकडचे संपले की मग आपल्याकडचे. एकूण २१ ग्रुप. प्रत्येकी तीन मिनिटं धरली, तासाभरात उरकेल असा हिशोब केला आणि स्वतःवर खूश झाले.

माझी मावशी विधवा आहे. त्यामुळे कन्यादानाला तिचे थोरले दीर आणि जाऊ बसणार, हे कुणी न बोलताच ठरलेलं होतं. यादीत जिथे 'वधूचे आईवडील' लिहायचं तिथे माझ्याच पेननं 'वधूचे काका-काकू' लिहिलं गेलं. मावशीचं नाव वेगळं कुठेच नव्हतं. ती शेवटच्या ओळीत होती: 'वधूकडचे सर्व'.

लग्नाच्या दिवशी काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. मुलाकडचे ग्रुप लांबत गेले. मावशी आतल्या खोलीत आहेराच्या साड्या मोजून पिशव्या भरत होती. स्टेजवरून बहिणीनं दोन-तीनदा विचारलं, "आई कुठाय?" दर वेळी कुणीतरी म्हणालं, "आत आहे, कामात आहे, नंतर घेऊ." चार वाजता हॉल रिकामा करायचा होता. 'वधूकडचे सर्व' आलेच नाहीत. महिन्यानं अल्बम आला. मावशी तीन फोटोंत आहे. दोनांत पाठमोरी, तिसऱ्यात कुणाच्या तरी हातात पिशवी देताना. बहिणीचा फोन आला, "ताई, माझ्या लग्नात माझी आईच नाही गं."

मला याचं उत्तर देता आलं नाही.

मैत्रिणींनो, या घरात मावशीला कुणी 'पुढे येऊ नकोस' म्हटलं नाही. ही सगळी शिकलेली, सुधारलेली माणसं आहेत. तोंडानं असं बोलायची त्यांना लाज वाटेल. पण बोलायची गरजच पडली नाही. ते काम यादीनं केलं. आपल्याकडच्या रूढी आता अशाच जगतात: कुणी हुकूम देत नाही, फक्त आपलं नाव कशात नसतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. आम्ही त्यावर केंद्रात चर्चा घेतली, टाळ्या वाजवल्या. आणि मी माझ्या घरच्या वहीत मावशीला पुसून टाकलं! ठराव गावानं केला तरी यादी घरात होते, हे माझ्या लक्षात आलं नाही.

कुणी म्हणेल, तिलाच पुढे यायला आवडत नाही, संकोच वाटतो. वाटणारच. वर्षानुवर्षं हळदीला 'सवाष्णी या' अशी हाक ऐकून जी मागे सरकली, ती 'सर्व या' म्हटल्यावर पुढे कशी येईल? तिला नाव घेऊन बोलवावं लागतं. मुलाच्या वडिलांच्या साहेबांना बोलवतो तसं.

दुसरा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्या घेतील. हुंड्यापायी मुली मरताहेत आणि ही फोटोंचं काय घेऊन बसली? त्यांना मी केंद्रातलं टेबल आठवायला सांगते. नवऱ्यानं टाकलेली बाई समोर बसली की आपला पहिल्या पाचातला एक प्रश्न कोणता असतो? "लग्नाचा फोटो आहे का?" पोटगीच्या दाव्यात 'लग्नच झालं नाही' असं सांगणारे नवरे आपण पाहिलेत. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार लग्न नोंदवायला जावं, तर लग्नपत्रिका, साक्षीदार आणि लग्नाचा फोटो लागतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या सातव्या कलमाप्रमाणे जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तिथे सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं. विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीनं लग्न होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्येही सांगितलं. मग त्या सात पावलांना कोण हजर होतं, हे दाखवणारा कागद बाईच्या हाती नको? बहुतेकींचं उत्तर असतं, "अल्बम सासरी आहे." आता अल्बमऐवजी पेनड्राइव्ह असतो, पण तोही सासऱ्यांच्या किंवा भावाच्या कपाटात. म्हणजे फोटोत कोण असावं हे ती ठरवत नाही, आणि फोटो कुणाकडे राहावा हेही नाही.

आणि ती स्वतः? पहाटेपासून उपाशी, अंगावर जड शालू, दोन-दोन तास उभी. लघवीला जायचं तरी कुणाला सांगायचं? मुलाकडचे ताटकळू नयेत म्हणून सगळं घड्याळ हलतं, ती मात्र ताटकळलेली चालते.

तेव्हा पुढच्या लग्नात वही हाती आली तर मी काय करणार ते लिहिते. तुम्हीही करून बघा.

यादी नवरीला विचारून करायची. पहिला फोटो तिची आई आणि ती. आई विधवा असो, नवऱ्यानं टाकलेली असो, घटस्फोटित असो. घरी परत आलेली बहीण, बिनलग्नाची आत्या यांची नावं नावानिशी लिहायची. 'सर्व' हा शब्द यादीतून काढून टाकायचा, कारण त्या शब्दात बायाच हरवतात. एक ग्रुप मुलाकडचा झाला की एक मुलीकडचा. वीस ग्रुप असतील तर बाराच ठेवायचे, प्रत्येकी पाच मिनिटं धरायची, कारण माणसं तीन मिनिटांत जमत नाहीत. म्हाताऱ्या माणसांचे फोटो आधी, साहेबांचे नंतर. आईचा फोटो शक्यतो मुहूर्ताआधीच, ती खोलीत अडकायच्या आत. नवरी जेवल्याशिवाय स्टेजवर चढणार नाही. आहेराच्या पिशव्या भरायला घरातले दोन पुरुष. आणि फोटोंची एक पूर्ण प्रत नवरीच्या स्वतःच्या ताब्यात. सप्तपदीच्या फोटोमागे तारीख, ठिकाण आणि हजर असलेल्यांची नावं लिहून.

यातल्या कशालाही एक रुपया जादा पडत नाही. मानपान मात्र जरा हलतो, आणि तो हलायलाच हवा.

मावशीकडे परवा जाऊन आले. तिची माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, मला कुठे हौस होती फोटोची?" मग चहा ठेवायला उठली आणि ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "पण तिच्या शेजारी उभं राहायचं होतं एकदा."