मूळ आवाज जपा, मग सॉफ्टवेअर निवडा

आंबेडकरी चळवळ जेवढी पुस्तकांनी वाढली तेवढीच ती गाण्यांनी वाढली. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्या समाजाने आपला इतिहास गळ्यात सांभाळला. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यापर्यंत ही परंपरा गावोगावी पोहोचली. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले, विठ्ठल उमप २०१० साली गेले. या मोठ्या गायकांचे आवाज कॅसेट कंपन्यांनी विक्रीसाठी का होईना, जपले. परंतु लोहा, कंधार, मुखेड भागातील गायन पार्ट्यांचा, वस्तीतील उपासिकांचा, गावोगावच्या शाहिरांचा आवाज कोणी जपायचा?

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या लढ्यात नांदेड जिल्ह्याने टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे दिले, गौतम वाघमारे दिले. त्या काळात गाणी म्हणत गावे जागवणारे तरुण आज सत्तरीच्या घरात आहेत. त्यांचा आवाज आज टिपला नाही तर उद्या तो कोठेही मिळणार नाही.

आता साधने आली आहेत. १४ एप्रिल असो, अशोक विजयादशमी असो की ६ डिसेंबर, लोह्यात कार्यक्रम झाला की दहा मोबाईल वर होतात. एखादे मंडळ मिक्सरवरून वेगळे रेकॉर्डिंगही घेते. मग ती फाईल एडिटिंगवाल्याकडे जाते आणि तेथेच घात होतो. आमच्या एका कार्यक्रमाचे तीन तासांचे रेकॉर्डिंग एका स्टुडिओने एमपी-थ्री करून परत दिले आणि जागा नाही म्हणून मूळ फाईल पुसून टाकली. एमपी-थ्रीमध्ये जे गाळले जाते ते परत येत नाही. पुन्हा मोठी फाईल केली तरी ती फक्त जागा खाते.

म्हणून कार्यकर्ते विचारतात, कोणते सॉफ्टवेअर चांगले? आमचे म्हणणे असे की, आधी काम समजून घ्या. संगणक आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजून साठवतो. सीडीसाठी ४४,१०० वेळा, व्हिडिओसाठी ४८,००० वेळा, संग्रहासाठी ९६,००० वेळा. एका मापातून दुसऱ्या मापात आवाज नेणे म्हणजे रिसॅम्पलिंग. सीडीच्या मापात २२,०५० हर्ट्झपर्यंतचाच आवाज मावतो, त्यावरचा आधी गाळावा लागतो. कच्चे सॉफ्टवेअर तो नीट गाळत नाही. मग न मावलेला आवाज उलटा फिरून खालच्या आवाजात मिसळतो आणि झांजेच्या नादात नसलेली किरकिर येऊ शकते.

दुसरी गोष्ट डिथरची. १६ बिटच्या पट्टीवर ६५,५३६ पायऱ्या असतात, २४ बिटच्या पट्टीवर १ कोटी ६७ लाखांहून अधिक. मोठ्या पट्टीवरून लहान पट्टीवर येताना मधले आकडे तोडावे लागतात. नुसते तोडले तर अगदी हळू आवाज खरखरीत होतो. म्हणून तोडण्यापूर्वी अत्यंत बारीक गोंगाट मिसळतात, तो डिथर. त्यामुळे खरखरीऐवजी जेमतेम ऐकू येणारी एकसारखी सळसळ उरते. नियम एवढाच की डिथर एकदाच आणि सर्वांत शेवटी द्यावा. संग्रहातील २४ बिटच्या मूळ फाईलला तो देऊच नये.

आता खरे सांगायचे तर उघड्या मैदानावरील जयंतीच्या कार्यक्रमात माणसांचा, जनरेटरचा, वाऱ्याचा आवाज या शेवटच्या पायरीपेक्षा कितीतरी मोठा असतो. तेथे डिथरचा फरक बहुधा कानाला कळतही नाही. मग त्यासाठी वर्गणीचे हजारो रुपये महागड्या सॉफ्टवेअरवर का घालवायचे? आपले नुकसान डिथरवाचून होत नाही. ते होते ढोलकी-हलगीच्या जोरात आवाज फाटल्याने, एमपी-थ्री केल्याने आणि मूळ फाईल पुसल्याने. रेकॉर्डिंग करताना पातळी खाली ठेवली, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला, तर अर्धे काम तेथेच झाले.

सॉफ्टवेअर फुकटातही उत्तम मिळते. ऑडॅसिटी हे मुक्त सॉफ्टवेअर २००० सालापासून लोकांच्या हाती आहे. त्यात रूपांतराचा दर्जा आणि डिथर आपण स्वतः निवडू शकतो. सॉक्स हे दुसरे. त्यात आज्ञा टाईप कराव्या लागतात, पण शंभर फाईल एका दमात बदलता येतात. कोणाच्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका, तपासून घ्या. ऑडॅसिटीत ९६,००० च्या मापावर खालून वर चढत जाणारा सूर तयार करा, जे सॉफ्टवेअर तपासायचे त्यात तो ४४,१०० वर आणा आणि स्पेक्ट्रोग्राम पाहा. रेघ वर जाऊन संपली तर सॉफ्टवेअर चांगले. ती वरून उलटी खाली उतरताना दिसली तर ते बाजूला ठेवा. दहा मिनिटांत दहावीचा विद्यार्थीही हा निकाल देऊ शकतो.

वकील म्हणून आणखी एक मुद्दा. सभेतील भाषण, मिरवणुकीवरील दगडफेक, दिलेली धमकी हेही याच रेकॉर्डिंगमध्ये असते आणि उद्या तोच पुरावा ठरतो. जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ यंत्र हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्या प्रमाणपत्रात फाईलचा हॅश, म्हणजे तिचा आकडी अंगठाच, नोंदवावा लागतो. रिसॅम्पलिंग केले की हा अंगठा बदलतो. "आवाज स्वच्छ करून आणला" असे कोर्टात सांगणारा आपलाच दावा कमजोर करतो.

म्हणून प्रत्येक मंडळाने एवढे करावे. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८,००० वर घ्यावे. दोन मार्गी आवाजाला तासाला साधारण एक जीबी लागतो, तो आता महाग नाही. मूळ फाईल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवावी. गायकाचे नाव, गाव, तारीख आणि त्याची संमती लिहून घ्यावी, कारण गाणाऱ्याचा त्याच्या गाण्यावर कायद्याने हक्क आहे. जे काही बदलायचे ते प्रतीवर बदलावे.

तंत्र कोणा एकाची मिरासदारी नाही. अक्षर आपण कष्टाने मिळवले, तसेच हे तंत्रही आपल्या मुला-मुलींनी आपल्या हाती घ्यावे. आपला आवाज दुसऱ्याच्या दुकानात गहाण पडता कामा नये.

जयभीम!