दिवा मंद करायचाय, कुणाला बोलवू?

रूमवर राहणाऱ्या कुणालाही विचारा, भांडणं कशावरून होतात. खरकटी भांडी, बाथरूमचा नंबर, गीझर आणि लाइट. चौघांची एक खोली, भिंतीवर एकच ट्यूब आणि तिला दोनच मूड: लख्ख, नाहीतर गुडुप अंधार. एकाला एमपीएससीची उजळणी करायची असते, दुसऱ्याची सकाळी सहाची शिफ्ट असते. मग कुणी तोंडावर पांघरूण ओढून झोपतं, कुणी मोबाइलच्या टॉर्चवर पानं उलटतं.

यावर उपाय आहे आणि तो चांगला जुना आहे: डिमर. भिंतीतल्या स्विचच्या जागेत मावेल असा इलेक्ट्रॉनिक डिमर 1959 मध्ये अमेरिकेत जोएल स्पायरा यांनी बनवला. आज तो आपल्या गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात, मॉड्युलर बोर्डात बसेल असा मिळतो. तरीही आपल्या रूमवर तो क्वचितच दिसतो. माझ्या मते याचं मोठं कारण एकच. स्विचबोर्डाचे दोन स्क्रू उघडायची आपल्यातल्या बहुतेकांची छाती होत नाही. ज्यांची होते, त्यांच्यातल्या काहींची मिनिटभराचं रील बघून होते. दोन्ही गोष्टी सारख्याच काळजीच्या आहेत.

रीलमध्ये काय सांगत नाहीत ते बघा. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची, सेकंदाला 50 आवर्तनांची. म्हणजे सेकंदाला 100 अर्ध्या लाटा. साधा डिमर प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा तुकडा कापतो. तुकडा जितका मोठा, दिवा तितका मंद. जुन्या पिवळ्या बल्बची तार मधल्या क्षणात थंड होत नाही, म्हणून डोळ्यांना काही कळत नाही. एलईडीचं गणित वेगळं. त्याच्या पोटात ड्रायव्हर नावाचं छोटं सर्किट असतं आणि वीज कमीजास्त झाली तरी उजेड सारखा ठेवणं हेच त्याचं काम. डिमर म्हणतो कमी कर, ड्रायव्हर म्हणतो जमणार नाही. या ओढाताणीत बल्ब लुकलुकतो, गुणगुणतो आणि लवकर जातो. म्हणून बल्बच्या खोक्यावर 'डिमेबल' लिहिलंय का, हे आधी बघायचं. डिमरवर छापलेले वॅटही वाचायचे, कारण जुन्या पद्धतीच्या डिमरला किमान भार लागतो आणि 9 वॅटचा एकटा बल्ब त्याला पुरेलच असं नाही. चोकवाल्या ट्यूबला तर हा डिमर चालतच नाही. आणि 'पंख्याचा रेग्युलेटरच लाव ना' असं सुचवणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला चहा पाजा, पण त्याचं ऐकू नका. आजचे पायऱ्यापायऱ्यांचे रेग्युलेटर कपॅसिटरवर चालतात आणि ते पंख्याच्या मोटरसाठी बनवलेले असतात.

ही झाली बल्ब जाण्याची गोष्ट. जीव जाण्याची गोष्ट याहून साधी आहे. स्विच बंद केला म्हणजे बोर्डातली वीज गेली, असं अनेकांना वाटतं. पण स्विचपर्यंत येणारी फेजची वायर स्विच बंद असतानाही जिवंतच असते. शिवाय जुन्या वाड्यांत, चाळींत कधी कधी स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेला सापडतो. मग दिवा विझलेला असला तरी होल्डरमध्ये वीज असते. मेन स्विच पाडला तरी निश्चिंत होऊ नका. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद झाल्याबरोबर तोच दिव्यांना वीज द्यायला धावतो! म्हणजे मेन बंद, इन्व्हर्टर बंद, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवायचं आणि मग टेस्टरनं तपासायचं. तो टेस्टरही आधी चालू पॉइंटवर लावून बघायचा. बिघडलेला टेस्टर पेटत नाही आणि आपण समजतो वीज नाही. वायरच्या रंगावर तर अजिबात जाऊ नका, जुन्या घरात हाताला आली ती वायर ओढलेली असते.

हे सगळं आपल्याला कुठे शिकवलं? बारावीला ट्रान्सफॉर्मरची गणितं सोडवली, डिग्रीला सॉफ्टवेअर शिकलो, पण घरातल्या बोर्डात फेज कोणती हे विचारलं की आपण एकमेकांकडे बघतो. मुलींचं तर आणखी वेगळं. आमच्या घरी फ्यूज गेला की भावाला हाक मारतात आणि मला मेणबत्ती धरायला सांगतात. तो काही ते पोटातून शिकून आलेला नाही. कुणीतरी त्याला शेजारी उभं करून दाखवलं, एवढाच फरक.

यावर काही जण म्हणतील, 'वायरमन आहे ना, दोनशे-तीनशे रुपये टाकायचे, कशाला डोक्याला ताप?' मुद्दा चुकीचा नाही. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असतं. मात्र त्याच नियमांत घरातले दिवे, पंखे, फ्यूज, स्विच जसेच्या तसे बदलायला सूट ठेवली आहे. एवढं घरच्या माणसाला यावं, असं कायद्यालाही वाटत असणार. आणि ज्या वायरमनला आपण 'ए भाऊ, जरा बघ ना' म्हणतो, तो अनेकदा आपल्याच वयाचा असतो. आयटीआयमध्ये दोन वर्षं घालवून शिकलेला. त्याला 'कितवीत सुटलास' विचारण्यापेक्षा 'हे कसं जोडलंस' विचारलं तर आपलंच भलं आहे.

म्हणून माझं म्हणणं असं: पहिला डिमर वायरमनकडूनच बसवून घ्या. भाड्याची खोली असेल तर आधी घरमालक काकांना विचारा. पण तो काम करत असताना बेडवर लोळत रील बघू नका. शेजारी उभे राहा. फेज कुठली, कशी ओळखली, इन्व्हर्टरची लाइन कुठून आली, सगळं विचारा. कॉलेजांनीही व्यक्तिमत्त्व विकासाच्या दहा कार्यशाळांमधली एक अशा कामाला द्यावी, आणि शिकवायला जवळच्या आयटीआयमधल्या शिक्षकांना बोलवावं. त्यानंतर स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा की फोन, हे तुम्हीच ठरवा. बोर्ड उघडल्यावर जळकट वास आला, काळवंडलेली वायर दिसली किंवा कुठली वायर कुठे जाते हेच कळेना, तर झाकण लावून टाकायचं आणि वायरमनला फोन करायचा. कुठे थांबायचं हे कळणं हासुद्धा शिकण्याचाच भाग आहे.