डाव्या खुर्चीपर्यंतची वाट

भारतीय हवाई दलाचं वाहतूक विमान उडण्याआधी जमिनीवर एक शांत प्रसंग घडतो. ग्राउंड क्रूमधला तंत्रज्ञ ‘फॉर्म ७००’ पुढे करतो. विमानात कुठला दोष निघाला होता, तो कुणी दुरुस्त केला, कुठली किरकोळ गोष्ट पुढच्या तपासणीपर्यंत ठेवली आहे, इंधन किती भरलं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. विमानाचा कॅप्टन पानं उलटतो, एखाद्या नोंदीवर थांबतो, दोन प्रश्न विचारतो आणि सही करतो. त्या सहीनंतर विमान, त्यातला माल, मागे बसलेले जवान, सगळ्यांचा भार त्याच्यावर येतो. शेजारी सहवैमानिक उभा असतो. त्याच्याही छातीवर तेच पंख असतात. कदाचित आजचं लँडिंगही त्याच्याच हातून होणार असतं. सही मात्र त्याची नसते.

हा कॅप्टन म्हणजे हुद्दा नव्हे. एखादा फ्लाइट लेफ्टनंट विमानाचा कॅप्टन असू शकतो आणि त्या प्रकारच्या विमानावर नव्याने आलेला वरिष्ठ अधिकारी त्याच्या शेजारी सहवैमानिक म्हणून बसू शकतो. हवेत शेवटचा शब्द कॅप्टनचा. विमानात तो डावीकडे बसतो, बहुतेक हेलिकॉप्टरांत उजवीकडे. अमेरिकी हवाई दलात याच भूमिकेला ‘एअरक्राफ्ट कमांडर’ म्हणतात, आणि उजव्या खुर्चीतून तिथवर पोचायला किती काळ लागतो, हा तिथल्या प्रत्येक तरुण वैमानिकाच्या मनातला प्रश्न असतो.

सरळ उत्तर द्यायचं तर मालवाहू आणि हवेत इंधन भरणाऱ्या विमानांच्या ताफ्यात साधारण दोन ते तीन वर्षं. सुमारे वर्षभराचं मूळ प्रशिक्षण झालं की वैमानिकाला पंख मिळतात. मग ओक्लाहोमा राज्यातल्या आल्टस तळावर सी-१७ किंवा केसी-१३५ शिकण्यात काही महिने जातात. त्यानंतर स्क्वाड्रन, आणि सहवैमानिकाची खुर्ची. तास साठत जातात. स्क्वाड्रनला तो तयार वाटला की पुन्हा प्रशिक्षण, परीक्षकाबरोबर उड्डाण, आणि सगळ्यात शेवटी स्क्वाड्रनच्या प्रमुखाची मान्यता. आधीच्या पायऱ्या तक्त्यात बसतात. ही शेवटची बसत नाही. मध्यरात्री, परक्या देशात, वरिष्ठांना विचारायची सोय नसताना ही मुलगी किंवा हा मुलगा विमान कसं सांभाळेल, याचा अंदाज एका माणसाला दुसऱ्या माणसाबद्दल बांधावा लागतो.

म्हणूनच हा काळ महिन्यांत मोजून तो कमी कसा करता येईल, या दिशेने जाणारी चर्चा धोक्याची वाटते. रिकाम्या जागा भरायच्या म्हणून ही वाट आखूड करण्याचा मोह प्रत्येक हवाई दलाला होतो. तो मोह कुठे नेतो, याचा एक मोठा दाखला इतिहासात आहे.

१९४२च्या सुरुवातीपर्यंत ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये मोठ्या विमानात दोन वैमानिक बसत. नवखा आधी दुसऱ्या वैमानिकाच्या जागेवर काही मोहिमा करी. जर्मनीवर रात्रीचं आकाश कसं दिसतं, सर्चलाइटच्या झोतात सापडल्यावर कॅप्टन काय करतो, परतीच्या वाटेवर इंधनाचा हिशेब कसा ठेवतो, हे तो शेजारी बसून बघे. मग त्याला स्वतःचं विमान मिळे. १९४२मध्ये ही पद्धत मोडली. वैमानिक घडवायला लागणारा वेळ आणि कारखान्यांतून येणाऱ्या विमानांची संख्या यांचा मेळ बसेना. एका विमानात दोन वैमानिक परवडेनात. दुसऱ्या वैमानिकाची खुर्ची गेली आणि मोठ्या विमानांत त्या जागी फ्लाइट इंजिनिअर आला.

नव्या कॅप्टनच्या वाट्याला उरली ती अनुभवी क्रूबरोबरची एखाद-दुसरी मोहीम. वैमानिक तिला ‘सेकंड डिकी’ म्हणत. एक-दोन रात्री पाहुण्यासारखं उभं राहून बघायचं आणि मग लँकेस्टरमध्ये आपले सहा साथी घेऊन निघायचं. कित्येक कॅप्टन विशीतले. काही तर सार्जंट हुद्द्याचे, आणि क्रूमध्ये त्यांच्याहून वरच्या हुद्द्याचे अधिकारी. सेकंड डिकीच्या मोहिमेतच वैमानिक मारला गेला आणि तळावर त्याची वाट पाहणारी क्रू पोरकी झाली, असंही घडलं. पहिल्या काही मोहिमा सगळ्यांत घातक, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं. युद्ध संपेपर्यंत बॉम्बर कमांडचे ५५,५७३ लोक मारले गेले. जर्मन तोफा आणि रात्रीची लढाऊ विमानं समोर असताना एवढ्या मरणांचं खापर एका निर्णयावर फोडता येणार नाही. पण शेजारी बसून शिकण्याचा काळ काढून घेतला की त्याची किंमत पहिल्या पाच-सहा उड्डाणांत वसूल होते, हे त्या मुलांनी जिवानिशी दाखवून दिलं.

त्या पिढीपुढे दुसरा मार्ग फारसा नव्हता. आज शांततेच्या काळात ज्यांच्यापुढे तो आहे, त्यांचं काय?

अमेरिकी काँग्रेसने नेमलेल्या लष्करी हवाई सुरक्षा आयोगाने डिसेंबर २०२०मध्ये अहवाल दिला. २०१३ ते २०१८ या सहा वर्षांत प्रशिक्षण आणि नेहमीच्या उड्डाणांतल्या अपघातांत १९८ जीव गेले, १५७ विमानं नष्ट झाली आणि ९.४१ अब्ज डॉलरचं नुकसान झालं. हे शत्रूच्या गोळीने झालेलं नुकसान नव्हे. आयोग तळातळांवर फिरला, वैमानिकांशी आणि तंत्रज्ञांशी बोलला. उड्डाणाचे तास पुरत नाहीत, वैमानिकाचा दिवस टेबलावरच्या कामात जातो, पैसा वेळेवर येत नाही, ही गाऱ्हाणी त्याला सगळीकडे ऐकू आली. इराक आणि अफगाणिस्तानच्या वर्षांत मालवाहू विमानांच्या सहवैमानिकांना तास भराभर मिळत. मोहिमा ओसरल्या की तासही ओसरतात, आणि तीच दोन-तीन वर्षं आतून पोकळ होऊ लागतात. कॅलेंडर पुढे सरकतं, अनुभव मागे राहतो.

३ मे २०१३ रोजी किरगिझस्तानातल्या मानस तळावरून एक केसी-१३५ निघालं. काम रोजचंच होतं, अफगाणिस्तानवर उडणाऱ्या विमानांना इंधन द्यायचं. विमान पन्नाशीला टेकलेलं, आतले तिघंही त्याच्याहून कितीतरी तरुण. उड्डाणानंतर काही मिनिटांतच सुकाणूच्या यंत्रणेतल्या दोषामुळे विमानाचं नाक डावी-उजवीकडे झुलू लागलं आणि त्याबरोबर पंख खाली-वर होऊ लागले. या झोक्याला वैमानिकी भाषेत ‘डच रोल’ म्हणतात. झोका ओळखून ती यंत्रणा बंद करणं आणि पायाखालचं रडर न हलवणं, हा त्यावरचा उपाय. पण वळण घेताना रडर वापरलं गेलं, झोका वाढला, शेपूट तुटून वेगळं झालं आणि विमान चाल्दोवारजवळ डोंगराळ भागात कोसळलं. तिघंही गेले.

त्या अपघाताच्या चौकशी अहवालातले दोन शब्द इथे महत्त्वाचे आहेत: क्रूची रचना. अपुरं प्रशिक्षण आणि किचकट सूचना-पुस्तिका यांच्याबरोबर अहवालाने क्रूची रचनाही हातभार लावणारं कारण म्हणून नोंदवली. कुणाला कुणाशेजारी बसवलं, हा ड्युटीच्या वेळापत्रकातला किरकोळ प्रश्न नाही, हे त्यातून कळतं. सिम्युलेटरची मर्यादाही त्या चौकशीत पुढे आली. तो झोका सिम्युलेटरमध्ये जसाच्या तसा अनुभवता येत नव्हता. सिम्युलेटर हवाच, त्यात इंजिनाला आग लावता येते आणि कुणी मरत नाही. पण सिम्युलेटरमधले तास वाढवून खऱ्या उड्डाणाचे तास कापले जातात, तेव्हा पैसे वाचल्याचा हिशेब अर्धाच मांडलेला असतो.

त्या तिघांना दोष देणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. जे शिकवलं गेलं नाही, ते त्या काही मिनिटांत त्यांना सुचायला हवं होतं असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

मग शेजारी अनुभवी माणूस बसला की झालं का? तसंही नाही. २८ जुलै २०१० रोजी अलास्कातल्या एल्मेनडॉर्फ तळावर हवाई प्रदर्शनाचा सराव करताना एक सी-१७ कोसळलं आणि चौघं मारले गेले. डावीकडचा वैमानिक निष्णात मानला जाई. विमान फार आवळून वळवलं जात होतं, स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याची, सूचना वाजत होती, तरी वळण तसंच चालू राहिलं. धोका वाढतो आहे हे सहवैमानिक आणि सुरक्षा-निरीक्षक यांनी वेळीच ओळखून अडवलं नाही, असं चौकशीत नोंदवलं गेलं. उजव्या खुर्चीतल्या वर्षांत हातांइतकंच तोंडही तयार व्हावं लागतं. ‘सर, हे बरोबर नाही’ हे चार शब्द योग्य क्षणी म्हणता येणं, हा कमांडर होण्याचाच अभ्यास आहे. तो कसा होईल, हे डावीकडे कोण बसलं आहे यावर ठरतं.

खरी अडचण आहे ती इथे. शिकाऊ मिळतात, शिकवणारे निसटतात. अमेरिकी हवाई दलात प्रशिक्षणानंतर दहा वर्षांची सेवा बंधनकारक असते. ती संपते त्याच सुमाराला वैमानिक उत्तम इन्स्ट्रक्टर झालेला असतो, आणि त्याच सुमाराला विमान कंपन्यांचं दार उघडं असतं. तिथल्या हवाई दलात वैमानिकांची तूट गेली काही वर्षं दोन हजारांच्या घरात आहे. नवे भरती करून ती आकड्यात भरेल, पण नव्याला डाव्या खुर्चीपर्यंत नेणारा मधला थर विरळच राहील.

मान्य, फार लांबवलेली वाटही नासते. चार-पाच वर्षं उजवीकडेच बसवून ठेवलं की माणूस निर्णय दुसऱ्यावर सोपवायला शिकतो. जबाबदारी वेळेवर मिळाली तर तिचं सोनं कसं होतं, हे १५ ऑगस्ट २०२१च्या रात्री तालिबानच्या हाती पडलेल्या काबूलमध्ये दिसलं. सी-१७च्या अर्धवट उघड्या रॅम्पवरून घाबरलेली माणसं आत चढत होती. त्यांना खाली उतरवायचं की घेऊन निघायचं, हे विमानातल्या क्रूला तिथल्या तिथे ठरवायचं होतं. ते ८२३ जणांना घेऊन निघाले. असा निर्णय घेता येणारा माणूस वर्षानुवर्षांच्या साध्या, कंटाळवाण्या, खराब हवामानातल्या उड्डाणांतून घडतो.

हे सगळं दूरदेशीचं म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. आपल्या हवाई दलाची वाहतूक विमानं जगातल्या अवघड जागी उतरतात. ऑगस्ट २०१३मध्ये सी-१३०जे हे विमान १६,६१४ फुटांवरच्या दौलत बेग ओल्डीला उतरलं. एप्रिल २०२३मध्ये सुदानमधल्या वादी सैदनाच्या पट्टीवर दिवे नसताना, रात्री, नाइट व्हिजन गॉगल लावून उतरून याच प्रकारच्या विमानाच्या क्रूने तिथे अडकलेल्या १२१ लोकांना बाहेर काढलं. अरुणाचलातल्या मेचुकासारख्या पट्टीकडे जोरहाटहून एएन-३२ जातं तेव्हा दोन्ही बाजूंना डोंगर असतात, ढग दरीत उतरलेले असतात, आणि परत फिरायचं की पुढे जायचं हे फार आधी ठरवावं लागतं. कॅप्टन हे पुस्तकातून शिकत नाही. कुणीतरी त्याला आधी उजवीकडे बसवून त्या दरीतून पुन्हा पुन्हा नेलेलं असतं.

कॅप्टनची पात्रता तपासायलाही आपल्याकडे कडक व्यवस्था आहे. एअरक्रू एक्झामिनिंग बोर्डाचे परीक्षक, हवाई दलातल्या बोलीत ‘ट्रॅपर’, स्क्वाड्रनमध्ये येऊन थोरामोठ्यांचीही परीक्षा घेतात. ही शिस्त मोलाची आहे. पण परीक्षेला बसणारेच कमी असतील तर ती काय करणार? डिसेंबर २०२४मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालानुसार हवाई दलाला फेब्रुवारी २०१५मध्ये ४८६ वैमानिकांची तूट होती. २०१६ ते २०२१ या काळात दरवर्षी २२२ प्रशिक्षणार्थी घ्यायचं ठरलं होतं. तेवढे घेतले गेले नाहीत, आणि २०२१ अखेर तूट ५९६वर गेली. प्राथमिक प्रशिक्षणाच्या पीसी-७ विमानांत इंजिन ऑइल गळण्याच्या घटनाही कॅगने मोजून दाखवल्या.

विमानं मात्र येत आहेत, आणि ती हवीच होती. सी-२९५ प्रकारच्या ५६ विमानांचा करार २०२१मध्ये झाला. त्यातली १६ स्पेनहून, ४० वडोदऱ्याच्या कारखान्यातून. नवशिक्यांसाठी ७० एचटीटी-४० विमानांची मागणी एचएएलकडे आहे आणि त्यांची दुसरी उत्पादन साखळी ऑक्टोबर २०२५मध्ये नाशिकला सुरू झाली. त्या दिवशी महाराष्ट्राला अभिमान वाटला, तो रास्तच. पण खरेदीच्या बातम्यांत किती विमानं, किती कोटी, किती टक्के स्वदेशी हे येतं. त्या विमानांना किती कॅप्टन लागतील आणि त्यांना घडवणारे इन्स्ट्रक्टर किती आहेत, हे येत नाही.

संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने विमानांच्या आकड्याबरोबर हाही आकडा दरवर्षी मागावा. दर सहवैमानिकाला वर्षात प्रत्यक्ष उड्डाणाचे किती तास मिळाले, हेही विचारावं. गोपनीयतेचा मुद्दा असेल तर बंद दाराआड विचारावं, पण विचारावं. आणि तासांसाठी ठेवलेल्या इंधनाच्या पैशाला वर्षअखेरीच्या काटकसरीत हात लागू देऊ नये.

यंदा खडकवासल्याला एनडीएत दाखल झालेला मुलगा तिथे तीन वर्षं काढेल. मग दुंडिगल, येलहंका, आणि मग कुठल्यातरी स्क्वाड्रनची उजवी खुर्ची. तो पहिल्यांदा फॉर्म ७००वर कॅप्टन म्हणून सही करेल तेव्हा २०३०चं दशक निम्म्यावर आलेलं असेल. तोवर त्याला शिकवणारा माणूस आज जोरहाट किंवा चंदीगडला स्वतःच सहवैमानिक आहे, आणि या आठवड्यात त्याला किती तास उडायला मिळाले, याची नोंद त्याच्या लॉगबुकात होते आहे.