खरखरीत टोप

पोलंडच्या १९३१च्या नमुन्याचा पोलादी टोप हाती आला, तर आधी त्यावर बोट फिरवून बघावं. मूळ रंग शाबूत असेल तर तो खरखरीत लागतो, ओबडधोबड गिलाव्यासारखा. 'सालामांद्रा' नावाच्या या रंगात बुचाचा भुगा मिसळलेला असे. उन्हात पोलाद चमकू नये एवढ्यासाठी. किएल्त्से शहरातल्या पोलाद कारखान्यात हे टोप बनत. १९३९मध्ये देश पडला आणि ते ढिगाने जर्मनांच्या हाती लागले. त्यांतले काही नवा रंग लावून हवाई हल्ल्यांपासून बचाव करणाऱ्या नागरी दलांच्या डोक्यावर चढले.

संग्राहकाला हवा असतो तो पहिला, खरखरीत थर. म्हणून बाजारात खरवडलेल्या टोपावर नवा भुगा थापून तो 'अस्सल' म्हणून खपवणारेही आहेत. आणि आपल्याकडची, जुनं दिसलं की चिंच लावून लख्ख घासायची सवय इथे भलतीच महागात पडते.

या अंकासाठी टोपाची छायाचित्रं निवडताना एकाच्या कडेला गंज दिसला. सजावटकार तो पुसायला निघाले होते. मी राहू दिला.